सांगलीच्या तरुणाने काय धरावं: विद्यावेतन की उद्योगाचं कर्ज?

तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा प्रयोग झाला आणि १९७७ मध्ये राज्याने तसा कायदा केला. पण आजचा पदवीधर रोजगार हमीच्या कामावर जात नाही. त्याच्यापुढे दोन सरकारी वाटा ठळक दिसतात.

पहिली, २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. कार्यालयात किंवा कारखान्यात काम शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी ६ महिने होती, नंतर ११ झाली. खिशातून काही घालावं लागत नाही, पण पुढे कायम करण्याची हमीही नाही.

दुसरी, २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. स्वतःचा उद्योग काढायला बँकेचं कर्ज आणि त्याला सरकारी अनुदानाची जोड. अर्ज ऑनलाइन, छाननी जिल्हा उद्योग केंद्रात. प्रकल्पखर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान. खेड्यात, महिलांना आणि मागास प्रवर्गांना जास्त. स्वतःचे ५ ते १० टक्के घालावे लागतात. खरी गाठ बँकेशी पडते. जिल्हा उद्योग केंद्राने शिफारस केली तरी कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, आणि अनुदान हातात खेळत नाही, ते कर्जखात्याशीच बांधलेलं असतं.

घरची द्राक्षबाग किंवा हळद असेल, बेदाण्याच्या व्यापारात चार ओळखी असतील, तर मी डोळे झाकून दुसरी सुचवेन. नुसता बीए हातात असेल तर पहिलीच बरी. फक्त कार्यालयात फायली सरकवत बसण्यापेक्षा कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतला कारखाना मिळतो का बघावं. तिथे हात तरी बसतो.