३०० चिप्सचा पोकर सेट, शेतातल्या कोठ्यावर खेळून पाह्यलेला

घाटंजीकडचा माणूस आहे मी, त्यामुळे हा रिव्ह्यू खास त्यांच्यासाठी जे गव्हाले पाणी द्यायचं म्हणून रात्रीच्या लाइनीची वाट पाहत कोठ्यावर बसतात आणि पत्ते कुटतात. आम्ही पाच जण टेक्सस होल्डम खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि खाली सगळ्यांसाठी एकेक करून उघडणारे पाच पत्ते. पैसे अजिबात नाही, ज्याच्या चिप्स संपल्या तो चहा मांडते.

सेटमध्ये ३०० चिप्स आहेत, साडेअकरा ग्रॅमच्या, पाच रंगांच्या, वर आकडा छापलेला, सोबत पत्त्यांचे दोन कॅट, डीलर बटण आणि ॲल्युमिनियमची पेटी. चिप्स एक नंबर. पत्ते मात्र बेकार, कागदी आहेत, हिवाळ्यात दव पडलं की एकमेकाले चिकटतात आणि कोपरे दुमडले की एक्का पाठीवरूनच ओळखू येते, तर पूर्ण प्लास्टिकचा कॅट वेगळा घ्याच. डिलिव्हरी गावापर्यंत नाही आली, तालुक्यावरून आणा लागली.

आता खरा मुद्दा. आधी आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. एक चिंचोका टाकायचा अन् "पाहू दे ना बे, काय जाते" म्हणत पाचही जण शेवटच्या पत्त्यापर्यंत बसून. अशानं चांगल्या पत्त्याची किंमतच राहत नाही भाऊ. दोन एक्के हातात असले तर समोर कोणतेही पत्ते घेतलेला एकच जण असताना ८५ टक्के वेळा आपण जिंकतो, पण असे चार जण शेवटपर्यंत राहिले की तेच ५५-५६ वर येते. पत्ते तेच, फक्त गर्दी वाढली. म्हणून सुरुवातीलेच मोठी बेट मारून, म्हणजे जास्त चिप्स लावून, गर्दी कमी करा लागते, आणि ते चिंचोक्यांवर जमत नव्हतं कारण पॉटमध्ये, म्हणजे मधातल्या ढिगात, किती आहे हेच कोणाले माहीत नसायचं.

परवाचा डाव सांगतो. माझ्याजवळ एक्का-राजा, खाली बदामचा राजा, बदामची सत्ती, किलवरची दुर्री, मग इस्पिकची चौकी. पॉट ४००, मी ३०० मारले. समोर आमचा ट्रॅक्टरवाला मित्र. त्याले ३०० टाकून एकूण १००० च्या पॉटसाठी खेळायचं होतं, म्हणजे ३० टक्के चान्स पाह्यजे. त्याच्याजवळ दोन बदाम, शेवटचा पत्ताही बदाम आला तर पाच बदामांचा फ्लश होऊन तो माझ्या राजाच्या जोडीले हरवते. उरलेल्या ४६ पत्त्यांत नऊ बदाम, म्हणजे जेमतेम २० टक्के. लय वेळ चिप्सची थप्पी बोटानं वरखाली करत बसला अन् पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. मी ५० मारले असते तर त्याले ५०० च्या पॉटसाठी फक्त १० टक्के लागले असते, तो आरामात राहिला असता आणि बरोबरच केलं असतं त्यानं.

बेट मारणाऱ्याजवळ जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचा पळाला तरी जिंकलो आणि पत्ते मोठे निघाले तरी जिंकलो, नुसतं कॉल करणाऱ्याजवळ, म्हणजे समोरच्याएवढंच टाकून राहणाऱ्याजवळ, फक्त पत्ते मोठे निघायचा रस्ता. जोडी नसलेल्या हाताले फ्लॉपवर, म्हणजे खालचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, साधी जोडीही तीनातून दोनदा लागत नाही, म्हणून तिथं दबाव चालते. अर्ध्या पॉटचा ब्लफ (पत्ते नसताना मारलेली बेट) तीनातून एकदा चालला तरी बरोबरी होते, पूर्ण पॉटचा मात्र दोनातून एकदा चालावा लागते. पण जो माणूस पत्ते टाकतच नाही त्याच्यावर ब्लफ मारू नका, त्याच्यावर फक्त चांगल्या पत्त्यावर मोठं मारा.

फुकटच्या चिप्सवाल्या ॲपवर हे शिकता येत नाही, तिथं कोणी पत्ते टाकत नाही. पैशाचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्यानं बंदच झाले, अन् बरं झालं.

सोबतच्या कागदावर हात कोणता मोठा एवढंच आहे, बेट किती मारायची काहीच नाही. आम्ही ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहायच्या आधीच दोघांनी टाकायच्या चिप्स, १०-२० ठेवतो आणि प्रत्येकाले २००० देतो, म्हणजे १०० मोठे ब्लाइंड झाले. याच्यापेक्षा कमी देऊ नका, नाहीतर दोन बेटमध्येच सगळं आत जाते आणि शेवटच्या पत्त्यावर दबाव टाकायले काही उरत नाही. पाच जणांले ३०० चिप्स पुरतात, आठ जण असाल तर ५०० चा सेट घ्या.