हरिपूरच्या परसातला खुराडा: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हरिपुरात राहणाऱ्या माणसाच्या मनात परसात काहीही उभे करण्याआधी एकच प्रश्न येतो, तो म्हणजे कृष्णा चढली तर हे हलवायचे कसे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे पूर सांगलीकरांनी पाहिले आहेत. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि २०१९ साली तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे दहा कोंबड्यांसाठी खुराडा करून घ्यायचे ठरले, तेव्हा विटांचे बांधकाम आम्ही पहिल्याच दिवशी बाद केले आणि कुपवाडच्या एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपकडे लोखंडी खुराड्याची ऑर्डर दिली. सगळी जोडणी नटबोल्टची हवी, कोणताही भाग दोन माणसांना उचलता यायला हवा आणि सगळे मिळून एका छोट्या टेंपोत मावायला हवे, एवढ्याच अटी आम्ही घातल्या होत्या. कोंबडीच्या दृष्टीने काय हवे, हे आम्ही तेव्हा नीट सांगितले नाही. पुढच्या बऱ्याचशा अडचणी त्यातून आल्या, हे मी आधीच नमूद करते.

दिवाळीनंतर खुराडा घरी आला. आतली जागा ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे कोंबडीमागे साधारण अडीच चौरस फूट, आणि पुढे १० बाय ८ फुटांचे जाळीचे आवार. रात्रीपुरते आत आणि दिवसा आवारात, या हिशोबाने दहा पक्ष्यांना ही जागा पुरते. सांगाडा स्क्वेअर पाइपचा असून रेड ऑक्साइडच्या गंजरोधक थरावर ऑइल पेंटचे दोन हात दिलेले आहेत. वेल्डिंग इतके स्वच्छ आहे की हात फिरवला तरी कुठे टोक लागत नाही, आणि यंदाच्या पावसानंतरही सांध्यांवर गंज दिसत नाही. रात्री कोंबड्या बसतात त्या दांड्यांखाली पत्र्याचा ओढून काढायचा ट्रे बसवला आहे, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. रात्रीची बहुतेक विष्ठा त्या ट्रेमध्ये पडते, सकाळी पाच मिनिटांत ती खड्ड्यात जाते आणि कुजल्यावर केळीच्या आळ्यात घालता येते. खाली पसरलेले भाताचे तूसही त्यामुळे जास्त दिवस कोरडे राहते.

मात्र हवेची योजना साफ चुकलेली होती. चारही बाजू पत्र्याने बंद होत्या आणि एका कडेला पत्र्याखाली वीतभर झरोका तेवढा ठेवला होता. मी विचारले तेव्हा वर्कशॉपचे मालक म्हणाले, "काकू, थंडीत कोंबड्यांना वारं बाधू नये म्हणून झाकून घेतलंय." त्यांचा हेतू चांगला होता, पण समज उलटी होती. पिसे फुगवून बसलेली कोंबडी आपल्याकडची कोरडी थंडी सहज सोसते, तिला सोसत नाही ते दमट, कोंडलेले वातावरण. डिसेंबरात एका पहाटे मी दार उघडून कोंबड्यांच्या उंचीला डोके नेले, तर विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाने डोळ्यांत पाणी आले. उभ्या माणसाच्या नाकाला तो वास कळतही नव्हता, आणि पक्षी मात्र रात्रभर त्यातच श्वास घेत होते. असे चालत राहिले की श्वासनलिका सुजते आणि सर्दीसारखे आजार मुक्काम करतात. शेवटी दोन्ही लांब बाजूंना छपराखाली आठ इंचांची सलग पट्टी कापून घेतली, तिला जाळी लावली आणि पावसाचे सपकारे आत येऊ नयेत म्हणून पत्रा दीड फूट बाहेर काढला. बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून वारा वाहावा, तिच्या अंगावर येऊ नये, हे पट्टीची उंची ठरवताना पाहावे लागते. दुसऱ्याच आठवड्यात वास नाहीसा झाला.

दुसरी चूक जाळीची होती, आणि ती आम्हाला महागात पडली. आवाराला षट्कोनी भोकांची साधी कोंबडीजाळी लावून ती जमिनीला टेकताच थांबवली होती. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही, एवढा फरक ऑर्डर देताना मला ठाऊक असायला हवा होता. तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी मुंगसाने जाळीच्या बुडाशी माती उकरली आणि अंड्यावर यायला आलेल्या दोन तलंगा मारल्या. उकरलेली ती खाच जेमतेम चार बोटे खोल होती. त्यानंतर खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली मजबूत चौकोनी जाळी, लावली आणि तीच जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती व विटा घातल्या. उकरणारा प्राणी सहसा अडथळ्याच्या अगदी बुडाशी पंजे मारतो आणि तिथे त्याला जाळीच लागते. मागे सरकून दीड फुटावरून बोगदा काढायचे त्याला सुचत नाही. तेव्हापासून खुणा दिसल्या, पण आत कोणी आले नाही.

बसण्यासाठी दिलेल्या दांड्या एक इंची गोल लोखंडी पाइपच्या होत्या. आमच्याकडे निम्म्या कोंबड्या वनराजा या जड जातीच्या आहेत, आणि त्या जड पक्ष्यांचे पाय पाइपवरून घसरत. सुताराकडून बाभळीच्या दोन इंच रुंद पट्ट्यांच्या कडा गोल करून घेतल्या आणि दोन्ही पट्ट्या दीड फुटावर एकाच पातळीत बसवल्या. एक वर आणि एक खाली ठेवली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. अंड्यांचे तीन खण मात्र मुळातच बरोबर होते: फूट-फूट मापाचे, अंधारे आणि बाहेरून झाकण उघडून अंडी काढता येणारे.

एप्रिलात पत्रा तापून कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागल्या. कोंबडीला घाम येत नाही, उकाड्यात ती उष्णता मुख्यतः तोंडावाटे बाहेर टाकते. छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरून तो दुपारी भिजवत राहिल्यावर आराम पडला. उन्हाळ्यासाठी छपराखाली थर्माकोलचा थर देण्याची सोय वर्कशॉपने स्वतःहून सुचवायला हवी होती.

आता आमच्या मूळ अटीविषयी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम रंगीत तालीम केली. १७ नंबरचे दोन पाने घेऊन मुलगा आणि मी असे दोघांनी पूर्ण खुराडा ४० मिनिटांत सुटा केला. बोल्टना ग्रीस लावलेले असल्यामुळे एकही अडला नाही, आणि परत जोडताना दार होते तसे चौकटीत बसले. या एका गुणासाठी मी नदीकाठच्या लोकांना हे काम निःसंकोच सुचवीन. कोंबड्या नेण्यासाठी दोन डालगी वेगळी ठेवली आहेत.

खुराडा आणि आवार मिळून ३४,५०० रुपये पडले. पट्टी कापण्याचे आणि पत्रा वाढवण्याचे काम वर्कशॉपने फक्त साहित्याच्या पैशांत करून दिले, वेल्डमेश आणि बाभळीच्या पट्ट्यांचा खर्च आमचा. कोणी ऑर्डर देणार असेल, तर छपराखालची जाळीची पट्टी, अर्ध्या इंची वेल्डमेश आणि लाकडी दांड्या या तीन गोष्टी कागदावर मापांसह लिहून द्याव्यात, कारण लिहून दिलेल्या मापात हे कारागीर सूतभरही फरक करत नाहीत. अंड्यांच्या झाकणाच्या बिजागरीतून मोठ्या पावसात अजून थेंब आत येतात. तिथे रबरी पट्टी लावून देण्याचे मालकांनी कबूल केले आहे, तोवर आम्ही झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा स्क्रूने बसवून भागवत आहोत.