४०० हॉर्सपॉवरसाठी जुना ६बीटी ब्लॉक: दिवाळी ते पावसाळा, वापरून झाल्यावर

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचं लोखंडी अंग, टाटा-कमिन्सचा, ६बीटी, ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्हचा. दहा चाकी टाटातून निघालेला, कळंबोलीत घेतलेला. मशीनिंग रबाळ्याला झालं. गाडी म्हणजे आर्मी डिस्पोजलमधली फोर बाय फोर चॅसी. दिवाळीच्या सुमारास इंजिन पहिल्यांदा चालू झालं, आता पावसाळा सरत आलाय. ऑइलमध्ये पाणी नाही, पाण्यात ऑइल नाही, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या रिंगांमधून खाली सुटणारा वायू) इंजिन बांधलं तेव्हा होतं तेवढंच. तक्रारी आहेत आणि त्या पुढे येतीलच, पण ब्लॉकच्या लोखंडाबद्दल त्यातली एकही नाही.

पहिला प्रश्न आरटीओचा येतो म्हणून आधीच सांगतो: ही गाडी रस्त्यावर चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तरी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. मुरबाडकडे ओळखीच्यांची जमीन आहे, तिथल्या चिखलात आणि चढावर हिचा खेळ चालतो. जाणं-येणं ट्रेलरवर.

आता ब्लॉकचं. ब्लॉक निवडताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात, विचारायला हवा टॉर्क, म्हणजे क्रँकला पिळणारा जोर. पेट्रोल इंजिन ६,५०० आरपीएमला ४०० हॉर्सपॉवर देत असेल तर क्रँकवर साधारण ४३० न्यूटन मीटर पडतात. आमचं डिझेल तेवढेच हॉर्सपॉवर २,५०० आरपीएमला देणार, म्हणजे टॉर्क १,१२० च्या घरात. आकडा तोच, पिळवटणं अडीच पटीहून जास्त. सिलिंडरमधला सगळ्यात वरचा दाब १५० बार धरला तर १०२ मिलिमीटरच्या एकेका पिस्टनवर साडेबारा टन जोर येतो. तोच दाब हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, वर उचलायला बघतो आणि क्रँकला खाली मेन कॅपवर, म्हणजे क्रँक धरून ठेवणाऱ्या टोप्यांवर, आपटतो. हेड बोल्टचे आटे वर ओढले जाणार, मेन कॅपचे खाली, आणि मधे उरतो ब्लॉक. मूळ गाडीत या इंजिनाचं काम किती होतं ते टाटाच्या नावातच असतं, २५१५ मधले शेवटचे १५ म्हणजे साधारण दीडशे हॉर्सपॉवर. आम्ही मागत होतो त्याच्या अडीच पटीच्या वर.

मिस्त्रींना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "शेठ, ब्लॉकला काय धाड भरलीय, लोखंड आहे ते! पंप आणि टर्बोचं बघा." पंप आणि टर्बो नंतर कधीही बदलता येतात. ब्लॉक बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून.

बाकीचे पर्याय बघितले होते. ६.७ लिटरचा ब्लॉक नंतरच्या गाड्यांसोबत आला, बोअर (सिलिंडरचा व्यास) १०७, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२४ मिलिमीटर. त्यात शेजारशेजारची सिलिंडरं एकमेकांना जोडून ओतलेली आहेत, त्यामुळे वरचा भाग जास्त ताठ. अमेरिकेत २०१९ पासून रॅम पिकअपच्या ६.७ ला तर कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्नचा ब्लॉक येतो, ती लोखंडाची जातच वेगळी, त्याच जाडीत जास्त ताकद. पैसा अमाप असता तर तिकडेच गेलो असतो. पण ६.७ घेतला की कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक ताब्यातलं इंधन) आला, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आला, वायरिंग आलं, आणि चिखलात आडवी पडणाऱ्या गाडीत मला वायरिंग नको होतं. मायकोचा यांत्रिक इनलाइन डिझेल पंप पाण्याखाली गेला तरी कुरकुरत नाही.

२४ व्हॉल्व्हचा ५.९ म्हटला की एक मित्र हमखास '५३ नंबर'ची भीती घालायचा. ती गोष्ट खरी आहे, पण ती रॅमच्या १९९८ ते २००१ दरम्यानच्या काही ब्लॉकची. त्यांच्या अंगावर ५३ आकडा ओतलेला असतो, पाण्याच्या जॅकेटची बाहेरची भिंत पातळ निघाली आणि तिथे चिरा गेल्या. आपल्याकडच्या १२ व्हॉल्व्हच्या ब्लॉकशी त्याचा संबंध नाही. ट्रॅक्टर पुलिंगवाले ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत सिमेंटसारखा मसाला भरून तो घट्ट करतात, तेही कुणीतरी सुचवलं. अर्ध्या मिनिटाच्या खेळाला ते चालतं. आमची गाडी एप्रिलच्या उन्हात तासभर घरघरत उभी असते, तिला पाणी लागतंच. आणि कोऱ्या ब्लॉकचा भाव ऐकल्यावर तो विषय तिथेच मिटला.

तर मग जुना ब्लॉक. इथे खरा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. ६बीटीला लायनर नसतो, बोअर थेट ब्लॉकच्याच लोखंडात. लायनरवाल्या इंजिनात भिंत झिजली तर लायनर बदलता येतो, इथे प्रत्येक रिबोअर भिंत खातो. म्हणून "स्टँडर्ड बोअर आहे शेठ" एवढ्यावर पैसे द्यायचे नाहीत. भंगारवाल्याकडे चकचकीत नवा रंग मारलेला जुना ब्लॉक दिसला की मी आधी त्याच्या बाजूने नख फिरवतो. एकावर रंगाखाली ओळीने टाके मारलेले सापडले, म्हणजे चीर थंड शिवून, घासून, वर रंग. असा ब्लॉक भाजी वाहणाऱ्या गाडीत दहा वर्षं चालेल. मला तो नको होता.

भिंतीची जाडी मोजायची युक्ती नवी मुंबईत राहत असल्यामुळे सुचली. एमआयडीसीत केमिकल प्लांटच्या टाक्या आणि पाइपांची जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजणारे लोक आहेत. त्यातल्या एकाला रविवारी बोलावलं. त्याचं यंत्र स्टीलच्या वेगावर लावलेलं होतं, सेकंदाला ५,९२० मीटर. ओतीव लोखंडात ध्वनी बराच हळू जातो, त्यामुळे तो आकडा तसाच ठेवला असता तर पातळ भिंतसुद्धा जाड दिसली असती. आम्ही त्याच जातीच्या फुटक्या ब्लॉकचा तुकडा आणला, व्हर्नियरने मोजला, आणि गेज त्या मापावर येईपर्यंत वेग खाली आणला. मग बोअरच्या आतून ग्रीस लावून छोटा प्रोब टेकवायचा, चारी बाजूंना, वर-मधे-खाली, सहाही सिलिंडर. खडूने आकडे बोअरवरच लिहिले. ओतताना आतला गाभा थोडा सरकला तर एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते, ते या आकड्यांत सरळ दिसतं. आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यात पातळ जागा पाचव्या सिलिंडरला निघाली, पण क्रँकच्या लांबीच्या दिशेने. पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिथे लोखंड भरपूर होतं. तेव्हा व्यवहार पक्का केला. आधी याच कारणाने एक ब्लॉक परत पाठवला होता, आणि तो विकणारा अजून माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

वॉटर प्लग (पाण्याच्या पोकळीच्या भोकांवरच्या टिकल्या) काढले तेव्हा मागच्या दोन सिलिंडरांभोवती गंजाचा चिखल इतका बसलेला की पेचकस आत घातला तर उभा राहिला. साध्या बोअरवेलच्या पाण्यावर चाललेली गाडी असणार. कॉस्टिकच्या गरम टाकीत ब्लॉक बुडवून काढल्याशिवाय प्रेशर टेस्टला अर्थ नसतो, कारण गंजच चीर बुजवून बसलेला असतो. धुतल्यावर गरम पाण्यात प्रेशर टेस्ट, मग मेन बेअरिंगच्या भिंती आणि हेड बोल्टच्या भोकांमध्ये डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक चीर दाखवणारा रंग. शिवाय मेन सॅडलमध्ये (क्रँक बसतो त्या खाचांत) पिस्टनच्या पोटाला ऑइलची धार मारणाऱ्या जेटची सोय आहे का ते बघून घ्या. जास्त डिझेल जाळणार असाल तर ती असलीच पाहिजे.

बोअरिंगचा अनुभव मिश्र. ज्या दुकानात आधी काम दिलं त्यांनी १०२.५ ला बोअर केला, पण नुसत्या उघड्या ब्लॉकवर. मी म्हटलं होतं की वर जाड प्लेट बोल्टने आवळून होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) करा, कारण हेड आवळलं की बोअर थोडा वेडावाकडा होतो. "इतकी वर्षं असंच करतोय" हे उत्तर मिळालं. ब्लॉक उचलून रबाळ्याच्या काकांकडे आणला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ५० मिलिमीटरची एमएस प्लेट आणली, तिला सहा भोकं, आणि हेडचे २६ बोल्ट खऱ्या टॉर्कवर आवळले. काकांनी डायल बोअर गेज आत सोडलं आणि काही न बोलता मला बोलावून काटा दाखवला: बोल्टजवळ बोअर २० मायक्रॉनपर्यंत गोलाईतून गेलेला. नशिबाने होनिंगला माल शिल्लक होता, प्लेट लावूनच संपवलं. बॅक कॉम्प्रेशन अजून वाढत नाही, त्याचं श्रेय मी महागड्या रिंगांपेक्षा या प्लेटला देतो.

मेन कॅप मूळच्याच ठेवल्या, बोल्टऐवजी चांगल्या स्टीलचे स्टड घातले. स्टडची पकड वेगळी असते, त्याने बेअरिंगचं घर किंचित बदलतं, म्हणून लाइन होनिंग (बेअरिंगची सगळी घरं एका रेषेत घासणं) परत करून घेतलं. हा खर्च वाचवू नका. पुढच्या गिअर केसमधली डॉवेल पिन सुटून गिअरमध्ये पडण्याचा या इंजिनाचा जुना रोग आहे, तिच्यावर पत्र्याची पट्टी मारून टाकली. गास्केट दाबाने फुटू नये म्हणून हेडमध्ये खाच पाडून स्टीलची तार बसवली. टर्बो होलसेटचा एचएक्स४०.

वापरात काय दिसलं? मुरबाडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून धरली तरी पाण्याचं तापमान जागचं हलत नाही. हललं ते फक्त जुलैत, आणि तेव्हा रेडिएटरवर चिखलाचा थर होता. प्रत्येक ऑइल बदलाला नमुना लॅबला देतो. उन्हाळ्यात सिलिकॉन वाढलं आणि पाठोपाठ लोखंडही. धूळ आत जात होती. एअर फिल्टरनंतरच्या होजची क्लिप सैल निघाली, आवळल्यावर पुढच्या रिपोर्टात दोन्ही खाली आले. सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये झिरपत नाही. माझा विश्वास या कागदावर जास्त आहे, कानावर कमी. ६बीटी तब्येतीत असतानाही इतका खडखडतो की कानाला काय कळणार.

आता तक्रारी. वजन. नुसतं इंजिन चारशे किलोच्या वर, आणि ते सगळं पुढच्या अ‍ॅक्सलवर. सपाट चिखलात नाक आधी रुततं, पुढच्या पाट्यांमध्ये एक पान वाढवावं लागलं. टॅपेट कव्हरचं गास्केट पाझरतं, ते पंपाच्या मागे दडलेलं असल्यामुळे बदलायला अर्धा दिवस जातो. सगळ्यात वैतागवाणा निघाला ब्लॉकच्या मागचा वॉटर प्लग. मे महिन्यात तिथून थेंब सुरू झाले आणि तिथे पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवलं. जुन्या ब्लॉकचे बाकी प्लग राहू देत, मागचा मात्र नवा, सीलंट लावून, बांधतानाच बसवा. पन्नास-शंभर रुपयांच्या टिकलीसाठी दोन माणसांचा शनिवार जातो.

खर्चाचं विचाराल तर ब्लॉकवर झालेलं काम ब्लॉकच्या किमतीपेक्षा बरंच महाग पडलं. धुणं, टेस्ट, बोअर, होन, लाइन, स्टड, सगळं धरून. तरी ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन सहज मिळाले, कारण या इंजिनावर देशभर ट्रक चाललेत. उद्या एक पिस्टन फुटला तर कळंबोलीत दुपारपर्यंत हातात येतो. परदेशी पिकअपचा ब्लॉक मागवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता गॅरेजमध्ये ५०० ची भाषा सुरू झालीय. या ब्लॉकवर मी ते करणार नाही. त्या दाबाला १२ मिलिमीटरचे हेड स्टड पुरेसे वाटत नाहीत, आणि १४ चे घालायचे तर भोकं मोठी करून आटे नव्याने पाडावे लागतात, तेही पाचव्या सिलिंडरजवळची पातळ जागा लक्षात ठेवून. त्यासाठी दुसरा ब्लॉक बघतोय. गेजवाल्याला सांगून ठेवलंय, फुटक्या ब्लॉकचा तो तुकडाही जपून ठेवलाय.