फळगाडीवरची संत्री-मोसंबी आणि घरातला कुत्रा: काय द्यावं, काय देऊ नये

एका ओळीत सांगायचं तर संत्र्या-मोसंबीचा सोललेला, बिया काढलेला गर निरोगी, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला थोडासा चालतो. साल, बिया, पानं चालत नाहीत आणि लिंबू तर कुठल्याच रूपात नको.

या फळांबद्दल उलटसुलट वाचायला मिळतं, त्याला कारण आहे. अमेरिकेतली एएसपीसीए ही प्राणिसंस्था संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट ही झाडं कुत्र्यांसाठी विषारी म्हणून नोंदवते आणि सोबतच गर खाण्याजोगा असल्याचंही सांगते. दोन्ही खरं आहे. सालीत लिमोनीन, लिनालूल असलेलं तेल असतं आणि सोरालेन नावाची द्रव्यं असतात. संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबली की जो फवारा भस्सकन पेटतो, ते हेच तेल. कुत्र्याच्या पोटात ते गेलं तर लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, कुत्रा मलूल पडतो. सोरालेनमुळे उन्हात कातडीला त्रास होऊ शकतो.

आता गाडीवरच्या एकेका फळाबद्दल, कुत्र्यासाठी ते कितपत योग्य याचे पाचपैकी गुण देत.

नागपुरी संत्र्याला पाचपैकी चार. साल सैल असते, हातानं सुटते, त्यामुळे तेल गरावर फारसं लागत नाही. साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येणारा आंबिया बहार थोडा आंबट असतो, फेब्रुवारीनंतरचा मृग बहार गोड. कुत्र्यासाठी मृगाचंच घ्यावं, आंबटपणा जितका कमी तितकं पोट शांत. फळ आधी धुवा, सोला आणि मग हात पुन्हा धुवा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि बोटांवरचं तेल तसंच फोडींना लागतं. पांढऱ्या शिरा ओढून काढा. फोडीची बारीक कड नखानं उघडली की बिया तिथेच ओळीनं बसलेल्या दिसतात, त्या चिमटीनं काढा. अख्खी फोड टाकू नका, दोन-तीन तुकडे करा. फोडीचा पापुद्रा चिवट असतो आणि हावरट लॅब्रॅडोर चावत बसत नाही.

किती द्यायचं, याचं गणित सोपं आहे. वरचं खाणं दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं. दहा किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्यासाठी 63. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण 50 कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक फोड आठ-दहा ग्रॅमची धरली तर जेमतेम पाच कॅलरी. म्हणजे हिशेबात दहा फोडीही बसतात, पण पोटात बसत नाहीत. आंबट रस आणि साखर एकदम गेली की जुलाब ठरलेले. म्हणून पाच किलोच्या पॉमेरेनियनला एक फोड, दहा किलोच्या कुत्र्याला दोन, पंचवीस-तीस किलोच्याला तीन-चार, तेही आठवड्यातून दोनदा. पहिल्यांदा अर्धी फोड देऊन एक दिवस शी कशी होते ते बघा.

किनूला, म्हणजे संत्र्याच्याच एका भावंडाला, दोन. दिसायला चकचकीत, भावाला परवडणारं, पण बियांनी भरलेलं, आणि ती चकाकी बऱ्याचदा वरून लावलेल्या मेणाची असते. बिया काढता काढता फोडीचा लगदा होतो. कुत्र्यासाठी मुद्दाम किनू आणू नये.

मोसंबीला साडेतीन. आंबटपणा कमी, पण साल घट्ट चिकटलेली. सुरीनं सोलताना सालीखालचा पांढरा थर पूर्ण काढा, तो कडू असतो. घरी सोललेली मोसंबी ठीक. नाक्यावरच्या ज्यूस सेंटरचा ग्लास मात्र शून्य. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा गाळला जातो, साखर तेवढी उरते. वर पुन्हा साखर, काळं मीठ, चाट मसाला. ‘बिनसाखरेचं’ म्हणून बाटलीतलं पेय देणं तर त्याहून वाईट. त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य असेल तर थोड्या प्रमाणातही कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन उतरते आणि यकृताला इजा होऊ शकते.

लिंबाचं सरबत, लोणचं, पिळलेली फोड, काहीच नको. लोणच्यात मीठ-तिखट असतंच, शिवाय कधीकधी लसूण, आणि लसूण कुत्र्याला विषारीच. गोचीड जावी म्हणून लिंबाच्या साली उकळून ते पाणी अंगावर ओतण्याचा घरगुती उपायही सोडून द्या. खाजवून सोललेल्या कातडीची आग होते, आणि चाटून ते पोटात जातं.

मुंबईत खरी काळजी रस्त्यावरच्या लिंबाची घ्यावी लागते. दुकानांवर, टॅक्सी-रिक्षांवर बांधलेलं लिंबू-मिरची शनिवारी बदलतात आणि जुनं रस्त्यात पडतं. कुत्र्यानं ते तोंडात धरलं तर लिंबू हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. दोरा किंवा तार आतड्यात अडकून आतडं चुणलं जाऊ शकतं, कापलंही जाऊ शकतं. कधी सोबत बिब्बा असतो, त्याच्या तेलानं तोंड भाजतं. शनिवार-रविवारी पट्टा आखूड धरा आणि ‘सोड’ ही आज्ञा पक्की करून घ्या. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

पपनस आणि ग्रेपफ्रूट यांतली द्रव्यं काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. कातडीच्या ॲलर्जीसाठी सायक्लोस्पोरिन चालू असेल तर ही दोन्ही फळं पूर्ण बंद.

क जीवनसत्त्वासाठी म्हणून कुणी देत असेल तर त्याची गरजच नाही. कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं. संत्रं हा फक्त खाऊ आहे, औषध नाही. मधुमेह, वजन जास्त, पोट नाजूक, वारंवार पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) किंवा अगदी लहान पिल्लू असेल तर तेवढाही खाऊ नको. काकडीची चकती द्या, बरं वाटेल त्याला.

कुत्र्यानं साल खाल्लीच, तर ती किती गेली ते कचऱ्याच्या डब्यात बघून मोजा. छोटा तुकडा असेल तर पाणी ठेवा आणि लक्ष द्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाची विषबाधा वेगळीच होते. अख्खी साल किंवा अख्खं लिंबू गिळलं असेल, उलट्या थांबत नसतील, पोट फुगलं असेल, शी बंद झाली असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी जवळचा दवाखाना गाठा, मुंबईच्या दक्षिण-मध्य भागात असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. निघण्याआधी तिथे फोन करा. सोबत उरलेली साल किंवा पाकीट, कुत्र्याचं वजन, खाल्ल्याची वेळ आणि चालू औषधांची नावं लिहून न्या.