जगभरच्या लग्नांचा पत्त्यांचा खेळ: साडेतीन तारे, आणि एक पत्ता कायमचा बाहेर

लग्न म्हटलं की लोकांना कपडे, फुलं, पाहुणे दिसतात. मला सह्या दिसतात. 22 वर्षं विवाह नोंदणीच्या टेबलावर काढली की असंच होतं: नाव, वय, साक्षीदार, तारीख, शिक्का. निवृत्त झाल्यावर भाचीने हा खेळ हातात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आता दुसऱ्यांची लग्नं मोज." महिनाभर दर रविवारी आम्ही पाच जण खेळलो, म्हणून हे लिहिते आहे.

डब्यात जाड पुठ्ठ्याचा जगाचा नकाशा, 120 पत्ते, लाकडी सोंगट्या आणि वाळूचं घड्याळ आहे. एकाने पत्त्यावरची प्रथा वाचायची, बाकीच्यांनी वाळू संपायच्या आत ती कुठली हे ओळखून नकाशावर सोंगटी ठेवायची. नियम पाच मिनिटांत समजतात. मजकूर इंग्रजीत असला तरी सोपा आहे, भाचीचा 12 वर्षांचा मुलगा अडखळला नाही. सोंगट्या छान वजनदार आहेत. नकाशा मात्र घडीवर दुसऱ्याच आठवड्यात फाटू लागला, नेमका मध्य आफ्रिकेतून. चिकटपट्टी लावली आहे.

आता पत्त्यांकडे येते, कारण खेळ म्हणजे पत्तेच.

चांगले पत्ते खरंच चांगले आहेत. जर्मनीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे दारात चिनीमातीची भांडी फोडतात आणि खापऱ्या नवरा-नवरीने मिळून झाडायच्या असतात. पत्त्याने पुढचा बारकावाही दिला आहे: काच फोडायची नाही, ते अशुभ. लगेच दुसऱ्या पत्त्यावर ज्यू लग्न निघालं, तिथे काचेचा पेलाच पायाखाली फोडतात, जेरुसलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त झालं त्याची आठवण म्हणून. हे दोन पत्ते पाठोपाठ आले तेव्हा घरात जो वाद झाला, तो खेळापेक्षा मजेदार होता.

माझा लाडका पत्ता केतुबाचा. ज्यू विवाहातला हा करारनामा परंपरेने अरमाईक भाषेत लिहितात. त्यात नवऱ्याने काय काय द्यायचं, घटस्फोट झाला किंवा तो आधी गेला तर बायकोला किती रक्कम मिळेल, हे सगळं असतं, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. लोक तो नक्षीकाम करून भिंतीवर लावतात. माझ्या हातून गेलेला एकही कागद कुणी भिंतीवर लावला नसेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या लोबोलाचा पत्ताही नीट लिहिलाय. नवऱ्याकडून गाईगुरं किंवा त्यांच्या हिशेबाने पैसे, आणि बोलणी काका-मामांनी करायची. नवरी 'विकत घेतात' असलं काही त्यावर नाही, याबद्दल लिहिणाऱ्याचे आभार. एक भर मात्र मी तोंडीच घातली: तिथल्या 1998 च्या कायद्याने पारंपरिक विवाहांना मान्यता दिली, तो 15 नोव्हेंबर 2000 पासून लागू आहे, आणि नोंदणी करायला सांगूनही त्यात म्हटलंय की नोंद झाली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे तिथे तुझ्यावाचून अडलं नसतं." अडलं नसतं, खरंय.

पश्चिम सुमात्रातल्या परियामानमध्ये उलटं, तिथे मुलीकडचे नवऱ्यासाठी पैसे देऊन त्याला आणतात. हा पत्ता कुणालाच ओळखता आला नाही. चारही सोंगट्या चार ठिकाणी पडल्या.

चुका आहेत. एका पत्त्यावर लिहिलंय की जपानी वर-वधू 'हजारो वर्षांपासून' देवळात पुरोहितासमोर लग्न लावतात. तीन पेल्यांतून तीन-तीन घोट साके पिण्याची रीत जुनी आहे, पण आधी लग्नं घरीच होत. देवळातल्या लग्नाची लाट आली ती 1900 च्या मे महिन्यात युवराज योशिहितोंचं लग्न शिंतो विधीने झालं त्यानंतर. म्हणजे सव्वाशे वर्षं. पांढऱ्या पोशाखाच्या पत्त्यावर राणी व्हिक्टोरिया आणि 10 फेब्रुवारी 1840 ही तारीख बरोबर दिली आहे, मग जपानबद्दलच एवढी ढिलाई का? 'हनिमून'च्या पत्त्यावर तर बॅबिलोनच्या मधाच्या दारूची गोष्ट ठोकून दिली आहे. इंग्रजीत हा शब्द 16 व्या शतकात भेटतो आणि तेव्हाचा रोख असा, की नवं प्रेम पौर्णिमेच्या चंद्रासारखं, पुढे घटतच जाणार. हे पत्त्यावर असतं तर आमच्याकडे दोघांनी तरी टाळ्या वाजवल्या असत्या.

चुका दुरुस्त करता येतात. माझं खरं भांडण जांभळ्या पत्त्यांशी आहे.

डब्यात 24 जांभळे पत्ते आहेत. त्यांच्यावर 'अजब' असा शिक्का आणि गुण दुप्पट. मी मोजले (सवय जात नाही): 11 आफ्रिकेतले, 9 आशियातले, 4 पॅसिफिक बेटांवरचे. युरोप शून्य. फिजीत मुलीच्या वडिलांना देवमाशाचा दात देतात, ते अजब. वेल्समध्ये तरुण आपल्या प्रेयसीसाठी लाकडी चमचा कोरायचे, तो मात्र 'गोड'च्या गुलाबी पत्त्यांत.

दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांचा पत्ताही जांभळा. पुरुष मूल न होता वारला तर त्याचा भाऊ किंवा जवळचा नातलग त्याच्या नावाने लग्न करतो, गुरं त्याच्या नावाने दिली जातात, आणि होणारी मुलं त्या गेलेल्या माणसाची. पोराने वाचलं आणि खदाखदा हसला. "मेलेल्याशी लग्न!"

मी त्याला फ्रान्स सांगितलं. 2 डिसेंबर 1959 ला फ्रेजूसजवळचं मालपासे धरण फुटलं, 400 हून जास्त माणसं गेली. त्यात एका तरुणीचा होणारा नवरा होता आणि तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. त्याच महिन्याच्या 31 तारखेला कायदा झाला. आजही फ्रेंच नागरी संहितेच्या 171 व्या कलमाखाली, गंभीर कारण असेल आणि गेलेल्या व्यक्तीची लग्नाला संमती होती हे दिसत असेल, तर राष्ट्राध्यक्ष परवानगी देतात.

पोरगा हसायचा थांबला. मग त्याने विचारलं, "पण आजी, तारीख कुठली घालतात?" टेबलावर बसणाऱ्याचा प्रश्न! विधी कधीही होवो, लग्न धरलं जातं मृत्यूच्या आदल्या दिवसापासून.

हा पत्ता डब्यात नाही. असता तर कुठल्या रंगाचा असता, हे खेळ बनवणाऱ्यांना विचारायला आवडेल. दोन्ही समाजांनी गेलेल्या माणसाचं नाव टिकवायला कागदाची नाहीतर गुरांची वाट काढली, मग दुप्पट गुण एकालाच का?

आणि तो बाहेर काढलेला पत्ता. किर्गिझस्तान. चित्रात घोड्यावर हसणारी मुलगी, खाली 'धाडसी वर वधूला पळवून नेतो', दुप्पट गुण. मुलीला विचारल्याशिवाय उचलून नेण्याला तिथे 'आला काचू' म्हणतात. घोड्याऐवजी आता बहुतेकदा गाडी असते, आणि तो तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. 2013 मध्ये कमाल शिक्षा वाढवून 10 वर्षांपर्यंत नेली. माझ्या टेबलावर मी दर जोडप्याला पहिला प्रश्न 'स्वखुशीने?' हाच विचारायची, आणि उत्तर देताना मुलगी कुणाकडे बघते ते पाहायची. हा पत्ता मी कपाटात ठेवलाय. खेळायला 119 पुरतात.

विकत घ्यावा का? घ्या, पण 10-12 वर्षांच्या पोरांबरोबर एखादं वाद घालणारं मोठं माणूस बसलेलं हवं. जांभळ्या पत्त्यांचे दुप्पट गुण आम्ही रद्द केले. त्याने खेळ बिघडला नाही, उलट पोराने आता 'अजब'वर पट्टी चिकटवून 'लांबचं' असं लिहिलंय. मला तेही पटलेलं नाही, पण अक्षर चांगलं आहे. डब्यात चार कोरे पत्ते येतात, एकावर मालपासे लिहिला. तीन उरलेत.