भूलशास्त्राचं सिम्युलेशन: एक पावसाळा वापरल्यानंतर

पावसाळ्याआधी आमच्या विभागात पूर्ण अंगाचं मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा कृत्रिम रुग्ण, आलं. आता दिवाळी होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात भूलतज्ज्ञ आहे, रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतो.

नुसती श्वासनलिकेत ट्यूब टाकायला शिकवायचं असेल तर एवढा खर्च करू नका. मान ताठ, जीभ कडक, स्प्रे मारल्याशिवाय ट्यूब सरकत नाही. तेवढं काम साध्या डोक्याच्या मॉडेलवर भागतं. गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याच्या सरावाला आम्ही मटणवाल्याकडून बकऱ्याची श्वासनलिका आणतो. ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), ६ नंबरची ट्यूब. हाताला जे कळायचं ते तिथे कळतं.

मॅनिकिनचे पैसे वसूल होतात ते प्रसंग उभा केल्यावर. कंपनीचे तयार प्रसंग आम्ही बाजूला ठेवले आणि आपल्याकडचे लिहिले: सिझेरियनमध्ये स्पायनल (पाठीच्या कण्यातून दिलेली भूल) छातीपर्यंत वर चढलंय, मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटायला लागल्यात.

एकदा बुपिवाकेन या बधिर करायच्या औषधाच्या विषबाधेचा प्रसंग घेतला. रेसिडेंटला उताऱ्याचा डोस तोंडपाठ: २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), किलोमागे १.५ मिली. तिने बाटली मागितली आणि सिस्टर आयसीयूकडे धावल्या, कारण ओटीत बाटली नव्हतीच! मॉनिटरवर लय बिघडत चालली होती आणि आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. आता ती बाटली इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या खणात असते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हे प्रशिक्षण पुन्हा सुरू करीन.

सिम वन हे १९६०च्या दशकातलं मॅनिकिन भूल देणाऱ्यांना ट्यूब शिकवायलाच बनवलं होतं. पुढे स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबांनी वैमानिकांच्या सरावाची पद्धत आणली आणि संकटात टीम कशी वागते यावर भर आला. आमच्याकडे गरज त्याचीच जास्त. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८० टक्क्यांपर्यंत घसरलं तरी ज्युनिअरच्या तोंडून ‘सर, जमत नाहीये, मदत बोलवा’ निघत नसे. आता निघतं. डीब्रीफिंगला, म्हणजे नंतरच्या चर्चेला, प्रसंगापेक्षा जास्त वेळ द्या, आणि सिनिअरांनी शेवटी बोलावं.

त्रासही आहे. दमट हवेत कातडी चिकट होते, सेन्सरची जोडणी गंजते. एसी बंद असलेल्या खोलीत ठेवू नका, यूपीएस हवाच. पावसात घाट बंद झाला की दुरुस्तीवाला अडकतो, म्हणून फुप्फुसांच्या जादा पिशव्या पहिल्या ऑर्डरमध्येच मागवा.