सीपॅपसाठी घेतलेलं पॉवर स्टेशन : पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतर

मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, आहे आणि सीपॅपशिवाय (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनशिवाय) एकही रात्र काढायची नाही, असं ठरवून टाकलंय. एका रात्रीचा खाडा झाला तरी दुसऱ्या दिवशी डोकं जड आणि गाडी चालवताना पेंग. ठाण्यात चरईला वीज फारशी जात नाही, त्यामुळे घरी अडत नाही. अडतं ते सासरी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की सकाळपर्यंत लाइट येत नाही. तिथला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्यावर पंखासुद्धा गुणगुणतो, तिथे मशीन लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून साधारण 300 वॅट-तासांचं, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेला आणि उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, घेतलं.

मशीन रेसमेडचं एअरसेन्स 10, हवेचा दाब दहा सेंटीमीटर पाण्याच्या आसपास. ॲडॉप्टरवर 90 वॅट छापलेलं असतं आणि ते वाचून माणूस भलीमोठी बॅटरी शोधायला लागतो. मी घरीच सॉकेटला वॅटमीटर लावून आकडे टिपले. ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा दमट करणारा भाग) आणि गरम नळी बंद असताना मशीन 8 वॅटच्या आसपास खातं. दोन्ही चालू केली की सरासरी 35-40. म्हणजे हवा ढकलायला वीज लागतच नाही म्हटलं तरी चालेल. सगळी जाते पाणी तापवण्यात. दोन्ही चालू ठेवली तर हे पॉवर स्टेशन पहाटेच बसतं.

दुसरी गळती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण दुकानदार तिच्याबद्दल बोलत नाहीत. पॉवर स्टेशनच्या नेहमीच्या तीन पिनच्या सॉकेटला मशीन लावलं की आतला इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीचं 230 व्होल्ट एसी करतो आणि मशीनचा ॲडॉप्टर लगेच त्याचं परत 24 व्होल्ट डीसी करतो. या उलटसुलट कारभारात माझ्याकडचा इन्व्हर्टर स्वतःच आठ-नऊ वॅट खातो, म्हणजे मशीनइतकंच. 12 व्होल्टच्या गाडीसारख्या सॉकेटला लावायचा 24 व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर घेतला आणि चित्र पालटलं. एसीवर आठ तासांत निम्मी बॅटरी संपायची, डीसीवर पंचवीस-तीस टक्क्यांत रात्र निघते. सलग तीन रात्री मी निर्धास्त असते. कन्व्हर्टर घेताना आपल्या मशीनचे व्होल्ट नीट बघा. फिलिप्सची ड्रीमस्टेशन 12 व्होल्टवर चालते, तिला हा चालणार नाही.

आता तक्रार. या पॉवर स्टेशनमध्ये वीज वाचवण्याचा म्हणून एक मोड आहे आणि तो आधीपासून चालू येतो. लोड ठरावीक वॅटच्या खाली गेला की थोड्या वेळाने आउटपुट बंद. सीपॅपचा लोड नेमका तेवढाच कमी! वाडीत पहिल्याच रात्री मशीन मध्येच थांबलं, नाकावरच्या मास्कमधून हवा येईना आणि मी दचकून उठले. धोका तसा नसतो; नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडता येतं आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. पण झोप गेली ती गेलीच. ॲपमध्ये तीन पडदे आत जाऊन तो मोड बंद करावा लागतो. वैद्यकीय उपकरणासाठी चालतं अशी जाहिरात करणाऱ्या वस्तूत ही गोष्ट पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवी.

ह्युमिडिफायरशिवाय झोप लागते का, हे सगळे विचारतात. जुलैत कोकणात हवाच एवढी दमट, की त्याची आठवणही होत नाही. जानेवारीत भाच्यांबरोबर पाचनईला तंबूत राहिलो, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, तिथे मात्र पहाटे नाक कोरडं ठणठणीत झालं. झोपताना सलाइनचा स्प्रे मारला की बरं जातं. कपडे मशीनवर येऊ दिले नाहीत, मागची हवा खेचायची जाळी मोकळी ठेवली; तंबूत हे जपावं लागतं. भाच्यांना आवाजाची काळजी होती. "मामी, तुझं मशीन ऐकूच येत नाही, मामाचं घोरणं तेवढं येतं," असं सकाळी म्हणाले.

चार्जिंगचं म्हणाल तर सोलर पॅनल मी घेतलं आणि भाच्यांना देऊन टाकलं. 100 वॅटचं घडीचं पॅनल पाचनईच्या कडक उन्हात 60-65 देत होतं, पावसाळी आभाळात दहासुद्धा नाही, आणि मला गरज पावसाळ्यातच. त्यापेक्षा गाडी बरी. पनवेल सोडल्यावर 12 व्होल्टच्या सॉकेटला लावलं की महाड-पोलादपूरच्या आत पूर्ण भरतं.

रेल्वेने जाणाऱ्यांनी डब्यातल्या सॉकेटवर भिस्त ठेवू नये, रात्री 11 ते पहाटे 5 ते बंद ठेवतात. विमानात तर हे पॉवर स्टेशन नेताच येत नाही. 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते, 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाही. पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे जायचंय, त्यासाठी 24 व्होल्ट थेट देणारी 100च्या आतली लहान बॅटरी बघतेय. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर तेवढ्यावर माझी एक रात्र निघेल.